कागदावर सही कुणाची?

वाचकाचा प्रश्न : मूळची नाशिकरोडची असलेली चोवीस वर्षांची एक विद्यार्थिनी जर्मनीतील कार्ल्सरुहे शहरात अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे, हे तिचे तिसरे सत्र. सामायिक घरात तिच्यासोबत राहणारे तिघे जर्मन विद्यार्थी रात्री जेवताना राजकारणावर तावातावाने बोलतात आणि ती मात्र मान खाली घालून जेवते, कारण पक्षांची नावे, दोन-दोन मते, दोन सभागृहे आणि सोळा राज्ये यांचा मेळ तिला लागत नाही. २०२५ च्या जानेवारीच्या अखेरीस स्थलांतराविषयीच्या एका मतदानाची बातमी वाचून वडिलांनी रात्री फोन केला आणि ‘तिथले वारे फिरले आहे, डिग्री घे आणि परत ये’ असे सांगितले. तेव्हा नेमके काय घडले होते, हे तिला त्यांना सांगता आले नाही. तिच्याच कॉलेजातली एक मैत्रीण आखेनला शिकते आणि तिला शिक्षणशुल्क नाही. हिला मात्र दर सत्राला १५०० युरो भरावे लागतात. परदेशी मुले नकोशी असणाऱ्या एखाद्या पक्षाने हे शुल्क लावले असावे, असे तिला वाटते. ८ मार्च २०२६ ला तिच्या राज्यात विधानसभेची निवडणूक आहे आणि सोबतचे विद्यार्थी तिला एका मोर्चालाही बोलावत आहेत. वडिलांचे म्हणणे असे, की आपण पाहुणे, आपण त्यात पडू नये. परक्या देशाचे राजकारण समजून घेण्याचा खटाटोप करावा का, आणि करायचाच तर सुरुवात कुठून करावी, असे तिने विचारले आहे.

उत्तर :

तुमच्या पत्रात पाच पक्षांची आणि चार नेत्यांची नावे आली आहेत, पण तुम्ही दर सत्राला भरता ते १५०० युरो नेमके कोणी ठरवले, याचा उल्लेख कुठेही नाही. ही उणीव तुमच्या एकटीची नाही. आपल्याकडे राजकारण समजणे म्हणजे कोण निवडून आले, कोण फुटले आणि कोणाला कोणते खाते मिळाले हे ठाऊक असणे, अशीच आपली समजूत असते. त्याच सवयीने तुम्ही जर्मनीकडे पाहत आहात, आणि तिथे पक्ष जास्त, आघाड्या राज्यागणिक निराळ्या, म्हणून गोंधळ होतो. माझी सूचना अशी, की पक्ष काही काळ बाजूला ठेवावेत आणि तुमच्या टेबलाच्या खणातले कागद बाहेर काढावेत. प्रत्येक कागदावर सही कोणाची आहे, ती करण्याचा अधिकार त्या कार्यालयाला कोणत्या कायद्याने दिला आणि तो कायदा कोणत्या सभागृहात झाला, एवढेच पाहावे. संघराज्य समजून घेण्याचा याहून सरळ रस्ता मला तरी सापडलेला नाही.

ही रीत मी एका परदेशी विद्यार्थ्याकडूनच शिकलो. मी नाशिकच्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवत असताना आफ्रिकेतून आलेला एक मुलगा तासाला येऊन बसत असे. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली, लासलगावचे लिलाव बंद पडले, चांदवडला रास्ता रोको झाला, आणि त्याने मला विचारले, की बाजार तुमच्या जिल्ह्यात, बाजार समिती राज्याच्या कायद्याखाली, शेती राज्याच्या यादीत. मग शेतकरी दिल्लीच्या नावाने का ओरडत आहेत? मी उत्तर दिले, पण देताना माझ्या लक्षात आले, की वर्गातल्या मराठी मुलांपैकी, आणि त्यांत कांदा उत्पादकांची मुले होती, कोणालाही ही विभागणी नीट सांगता आली नसती. परदेशाशी व्यापार हा संघसूचीतला विषय, म्हणून बंदी दिल्लीहून येते. बाजार समिती १९६३ च्या राज्याच्या कायद्याने चालते. खरेदीला उतरणारी ‘नाफेड’ पुन्हा दिल्लीच्या धोरणाने चालते. एका कांद्यावर तीन सह्या. ज्याला इथले काही ठाऊक नव्हते, त्यालाच हा प्रश्न पडला.

म्हणून तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी अडखळलो. ‘भारताचे राजकारण मला कळत होते, इथले कळत नाही,’ असे तुम्ही लिहिता. खरोखर कळत होते का? तुमच्या सोबत्याने ‘तुमच्याकडे हे कसे असते?’ असे विचारल्यावर उत्तर सुचले नाही, हेही तुम्हीच लिहिले आहे. तुमचा पासपोर्टच पाहा. तो देते परराष्ट्र मंत्रालय, त्याची पुस्तिका छापली जाते तुमच्या घराजवळच्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, म्हणजे केंद्राच्याच छापखान्यात, आणि चौकशीसाठी पोलीस ठाण्यातून जो हवालदार येतो तो मात्र राज्य शासनाचा नोकर असतो. हे आपण रोज पाहतो, पण पाहिले म्हणून कळले असे होत नाही.

आता जर्मनीतले तीन कागद घेऊ. पहिला अर्थातच शुल्काचा. जर्मनीत विद्यापीठे हा राज्यांचा विषय आहे. सरसकट शिक्षणशुल्क घेऊ नये, असा कायदा पूर्वी संघाने, म्हणजे देशपातळीवरच्या संसदेने, केला होता. २६ जानेवारी २००५ रोजी संघीय घटना न्यायालयाने तो रद्द ठरवला, कारण हा निर्णय राज्यांचा आहे. त्यानंतर तुमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गसह काही राज्यांनी सर्वच विद्यार्थ्यांना सत्राला ५०० युरोपर्यंत शुल्क लावले आणि लोकांचा विरोध पाहून २०१४ पर्यंत सगळ्यांनी ते मागे घेतले. पुढे २०१७-१८ च्या हिवाळी सत्रापासून तुमच्या राज्याने युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना १५०० युरोंचे शुल्क लावले. ते लावणारे सरकार पर्यावरणवादी आणि परदेशी लोकांबाबत उदार समजल्या जाणाऱ्या ग्रीन पक्षाच्या नेतृत्वाखालचे होते, विज्ञानमंत्रीही त्याच पक्षाच्या होत्या, आणि मुख्य कारण राज्याच्या अर्थसंकल्पाची तोंडमिळवणी हे होते. तुमच्या जेवणाच्या टेबलावर परदेशी विद्यार्थ्यांच्या बाजूने सर्वांत आवेशाने बोलणारा मुलगा कदाचित त्याच पक्षाचा मतदार असेल. तुमची मैत्रीण राहते त्या नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेन राज्याने असे शुल्क लावलेले नाही. जर्मनीचे परदेशी विद्यार्थ्यांविषयीचे धोरण असे एकसंध काही नाही, हे तुमच्या दोघींच्या पावत्यांवरूनच दिसते. बव्हेरियाने तर २०२३ पासून हा निर्णय विद्यापीठांवरच सोडला आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने २०२४-२५ पासून तुमच्याहून बरेच जास्त शुल्क सुरू केले. वडिलांनी राज्य बदलण्याचीही सूचना केल्याचे तुम्ही लिहिता, तिचे उत्तरही इथेच आहे : राज्य बदलल्याने शुल्क बदलेल, पण तिसऱ्या सत्रात विद्यापीठ बदलून वाया जाणारे श्रेयांक आणि महिने धरले तर व्यवहार तोट्याचा ठरण्याचीच शक्यता अधिक.

दुसरा कागद प्रसारणशुल्काचा, म्हणजे सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठी भरायच्या पैशांचा. घरटी महिन्याला १८ युरो ३६ सेंट, तुमच्या चौघांत वाटले तर प्रत्येकी ४ युरो ५९ सेंट. हा आकडा बर्लिनचे सरकार ठरवत नाही. सोळा राज्यांनी आपसात केलेल्या कराराने तो ठरतो आणि सोळाही विधानसभांची संमती लागते. डिसेंबर २०२० मध्ये झाक्सेन-आनहाल्ट या एकाच राज्याने विधेयक मागे घेतले आणि ८६ सेंटांची वाढ साऱ्या देशात अडली. शेवटी २०२१ मध्ये घटना न्यायालयाने ती लागू केली. ८६ सेंटांसाठी एका राज्यातली आघाडी मोडकळीला यावी, हे आपल्याला हास्यास्पद वाटेल, पण भांडण सेंटांचे नव्हते. एक राज्य पंधरांना अडवू शकते का, हा त्यातला खरा मुद्दा होता.

तिसरा तुमचे निवासपत्र. इथे जर्मन संघराज्य आपल्याहून सर्वांत वेगळे आहे. निवासाचा कायदा संघाचा आहे. खात्यात वर्षाला ११,९०४ युरो दाखवण्याची अट, वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा, हे सारे संघाने ठरवलेले आहे. परंतु अर्ज घेते ते शहराचे परदेशी नागरिक कार्यालय. आपल्याकडे केंद्राचा कायदा राबवायला आयकर, सीमाशुल्क, रेल्वे अशी केंद्राची स्वतःची खाती गावोगावी असतात. जर्मन राज्यघटनेच्या ८३ व्या अनुच्छेदानुसार मात्र संघाचे कायदेसुद्धा सामान्यतः राज्येच, स्वतःचे काम म्हणून, राबवतात आणि ती ते पुढे शहरांवर सोपवतात. त्यामुळे एकाच कायद्याखाली एका शहरात एक कागद जास्त मागतात, दुसऱ्या शहरात भेटीची वेळ लवकर मिळते. तुम्ही आणि तुमची मैत्रीण फोनवर अनुभव ताडून पाहता आणि कोणाचे खरे म्हणून वाद घालता, त्याचे कारण हेच आहे. तुम्हा दोघींचेही खरे आहे. ते कार्ड छापले जाते बर्लिनमधल्या संघाच्या छापखान्यात. नाशिकरोडच्या माणसाला ही व्यवस्था परकी वाटू नये.

हे तीन कागद समजले, की तुमची दुसरी धारणा आपोआप ढिली होईल. राजधानीत काय चालले आहे ते समजले म्हणजे देशाचे राजकारण समजले, असे गृहीत धरून तुम्ही बर्लिनच्या बातम्या वाचता. आपल्या भाषेनेही आपली फसगत केली आहे. आपण सहज ‘केंद्र सरकार’ म्हणतो, आणि केंद्र म्हटले की बाकीचे सारे परिघावर जाते. आपल्या राज्यघटनेचा पहिला अनुच्छेद मात्र भारत हा ‘राज्यांचा संघ’ असेल असेच म्हणतो. २०२१ मध्ये तमिळनाडू सरकारने ‘केंद्र’ सोडून ‘संघ सरकार’ असा शब्द आग्रहाने वापरायला सुरुवात केली तेव्हा त्यावर केवढा वाद झाला होता. जर्मन भाषेत संघाला ‘बुंड’ म्हणतात, आणि तो शब्द आपल्या ‘बंध’ या शब्दाच्याच मुळातला आहे. आधी राज्ये, मग त्यांना बांधणारा बंध. दुसऱ्या महायुद्धानंतर राज्ये आधी उभी राहिली आणि राज्यघटना त्यानंतर, २३ मे १९४९ रोजी जाहीर झाली. देशाची राज्यांत विभागणी घटनादुरुस्ती करूनही रद्द करता येत नाही. आपल्या संसदेने १९६० मध्ये साध्या कायद्याने मुंबई राज्याचे दोन भाग केले. तिथे असे करायचे तर संबंधित प्रदेशातल्या लोकांचे मत घ्यावे लागते. १९९६ मध्ये बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग यांचे एकत्रीकरण अशाच जनमतात फेटाळले गेले.

सत्तेची ठिकाणेही तिथे मुद्दाम विखुरलेली आहेत. मध्यवर्ती बँक फ्रांकफुर्टला, संघाचे स्थलांतर कार्यालय न्युर्नबेर्गला, प्रशासकीय न्यायालय लाइपझिगला, काही मंत्रालयांचे मुख्यालय अजूनही बॉनला. आणि घटना न्यायालय १९५१ पासून कार्ल्सरुहेला, म्हणजे तुमच्या वर्गापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, राजवाड्याच्या बागेलगत. वर मी ज्या दोन निकालांचा उल्लेख केला ते तिथेच दिले गेले. राजकारण दूर कुठेतरी चालते असे तुम्ही लिहिता, आणि तुमचा विद्यापीठाचा रस्ता त्याच्या शेजारून जातो.

आता वडिलांच्या फोनविषयी. तो फोन उगाच घाबरून केला, असे मी म्हणणार नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी बुंडेस्टागमध्ये, म्हणजे लोकांनी निवडलेल्या सभागृहात, स्थलांतर कडक करण्याविषयीचा एक ठराव त्या वेळी विरोधात असलेल्या ख्रिश्चन डेमोक्रॅटिक आघाडीने मांडला आणि तो ‘एएफडी’ या अतिउजव्या पक्षाच्या मतांमुळे मंजूर झाला. त्या पक्षासोबत बहुमत जमवायचे नाही असा इतर पक्षांचा जो संकेत होता, ज्याला तिथे ‘अग्निरोधक भिंत’ म्हणतात, त्याला तडा गेला, म्हणून देशभर खळबळ उडाली. परंतु तो ठराव होता, कायदा नव्हता. सरकारवर तो बंधनकारक नव्हता. दोनच दिवसांनी त्याच विषयावरचे खरे विधेयक मतदानाला आले आणि ते फेटाळले गेले. ते मंजूर झाले असते तरी पुढे दुसऱ्या सभागृहाचा टप्पा होताच. नाशिकमध्ये बातमी पोहोचली ती पहिल्या दिवसाची, तिसऱ्या दिवसाची पोहोचली नाही. ठराव आणि विधेयक यांतला फरक तुम्हाला ठाऊक असता, तर त्या रात्री वडिलांना दोन वाक्यांत सांगता आले असते. खटाटोप करावा का, या तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर याच एका प्रसंगावरून ‘करावा’ असे आहे.

त्या दुसऱ्या सभागृहाविषयी, बुंडेसराटविषयी, थोडे सविस्तर लिहितो, कारण आपण त्याला चटकन राज्यसभा समजतो आणि तिथेच वाट चुकतो. महाराष्ट्राचे राज्यसभेत १९ सदस्य आहेत, पण ते आपापल्या पक्षाच्या आदेशाने मत देतात. आपले मुख्यमंत्री त्यांना ‘महाराष्ट्राच्या वतीने असे मत द्या’ असे सांगू शकत नाहीत. बुंडेसराटमध्ये मात्र राज्य सरकारांचे मंत्रीच बसतात. एकूण मते ६९, प्रत्येक राज्याला लोकसंख्येप्रमाणे ३ ते ६, तुमच्या राज्याला ६, आणि एका राज्याची सगळी मते एकगठ्ठाच द्यावी लागतात. आघाडीतल्या पक्षांचे जमले नाही तर राज्य तटस्थ राहते, आणि ३५ मतांचे बहुमत लागत असल्यामुळे तटस्थ राहणे हे व्यवहारात विरोधी मतच ठरते.

२२ मार्च २००२ रोजी काय झाले ते मुद्दाम वाचा, कारण तुम्ही ज्या निवास कायद्याखाली राहता त्याचा जन्म त्या भांडणातून झाला. नवा स्थलांतर कायदा बुंडेसराटमध्ये आला होता आणि निर्णय ब्रांडेनबुर्गच्या चार मतांवर अडला होता. त्या राज्याच्या एका मंत्र्याने ‘होय’ म्हटले, आघाडीतल्या दुसऱ्या पक्षाचे गृहमंत्री योर्ग श्योनबोम यांनी ‘नाही’ म्हटले. सभापती क्लाउस वोवेराइट यांनी मुख्यमंत्री मानफ्रेड श्टोल्पे यांना पुन्हा विचारले, त्यांनी ‘होय’ सांगितले, आणि सभापतींनी चारही मते होकारार्थी धरली. सभागृहात आरडाओरडा झाला. प्रकरण कार्ल्सरुहेला आले आणि १८ डिसेंबर २००२ रोजी न्यायालयाने तो कायदाच रद्द ठरवला, कारण ज्या राज्याने एकमुखी मत दिले नाही त्याचे मत मोजताच येत नाही. मग पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि तडजोडीचा कायदा १ जानेवारी २००५ पासून लागू झाला. एका राज्यातल्या दोन मंत्र्यांच्या बेबनावामुळे साऱ्या देशाचा कायदा २००५ पर्यंत लांबला. तुमच्यासारख्यांच्या नशिबाचा निर्णय एका निवडणुकीच्या रात्री होत नाही, तो इतक्या दारांतून जातो, हे वडिलांना सांगण्यासारखे आहे.

तरीही मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. २३ फेब्रुवारी २०२५ च्या बुंडेस्टागच्या निवडणुकीत ‘एएफडी’ला २०.८ टक्के मते मिळाली आणि तो दुसऱ्या क्रमांकावर आला. पूर्वेकडच्या काही राज्यांत तो त्याहून बराच मोठा आहे. दारे अनेक असली म्हणजे कोणतेच उघडणार नाही असे नव्हे. शिवाय पोलीस, शाळा आणि विद्यापीठे ही राज्यांकडे असल्यामुळे एखाद्या राज्यात सरकार बदलले तर तिथल्या परदेशी माणसाला ते जाणवेल. म्हणून पुढे नोकरीसाठी शहर निवडताना पगार आणि घरभाडे पाहाल तसे त्या राज्याचे सरकार आणि त्या शहराचे वातावरणही पाहावे. त्यात भित्रेपणा नाही. पण ‘जर्मनी सोडून परत ये’ आणि ‘काहीच होणार नाही’ या दोन टोकांच्या मध्ये बरीच जागा आहे, आणि निर्णय घाईचा नाही.

मतदानाची पद्धत तुम्हाला अवघड वाटते. ती तशी नाही, आणि सगळे बारकावे लक्षात ठेवण्याची गरजही नाही. पहिले मत मतदारसंघातल्या उमेदवाराला, दुसरे पक्षाच्या यादीला, आणि कोणत्या पक्षाच्या किती जागा हे दुसऱ्या मतावर ठरते. पाच टक्क्यांखाली राहिलेला पक्ष सामान्यतः बाहेर; २०२५ मध्ये डाव्या नेत्या साहरा वागेनक्नेश्ट यांचा पक्ष दहा हजारांहूनही कमी मतांनी बाहेर राहिला. आणि २०२३ च्या सुधारणेनंतर मतदारसंघ जिंकूनही जागा न मिळालेले २३ जण निघाले, हे आपल्याकडे कोणाला सांगितले तर पटणार नाही. तुमच्या राज्यात विधानसभेसाठी दोन मते २०२६ च्या या निवडणुकीत पहिल्यांदाच दिली जाणार आहेत, म्हणजे तुमचे सोबतीही या बाबतीत नवखेच आहेत. टेबलावर बोलणाऱ्या सगळ्यांना सगळे कळते, असे तुम्ही का धरून चालता?

टेबलाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. तुमच्या सोबत्यांपैकी एकजण बव्हेरियाचा आहे आणि ‘आमचा पैसा दुसऱ्या राज्यांना जातो’ अशी त्याची नेहमीची तक्रार असते, असे तुम्ही लिहिले आहे. सधन राज्यांच्या वाट्यातला काही महसूल कमकुवत राज्यांकडे वळवण्याची तिथे पद्धत आहे, तिच्याविषयीची ही तक्रार. त्याला गंगापूर आणि दारणा धरणांची गोष्ट सांगा. वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचे ठरले की नाशिकमध्ये काय वातावरण होते, खाली मराठवाड्यात लोक काय म्हणतात, आणि समन्यायी वाटपाचा २००५ चा कायदा असूनही वारंवार प्रकरण न्यायालयाच्या पायरीपर्यंत कसे जाते, हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. मग त्याला विचारा, की सुरुवातीची अनेक वर्षे बव्हेरिया स्वतः घेणाऱ्यांच्या रांगेत होता, हे त्याच्या घरी कोणी सांगते का? २०२३ मध्ये त्याच्या राज्याने या वाटपाविरुद्ध पुन्हा घटना न्यायालयात धाव घेतली आहे. टेबलावर तुम्हाला मत मांडायचे नसेल तर मांडू नका. पण असा एक प्रश्न विचारणारा माणूस गप्प बसलेला नसतो.

‘आपण पाहुणे’ या वडिलांच्या शब्दाकडे वळतो. त्यांच्या काळजीचा मान राखूनही मला तो पूर्ण पटत नाही. पाहुणा दर सत्राला १५०० युरो देत नाही, प्रसारणशुल्क भरत नाही, अर्धवेळ कामावर कर देत नाही. तुम्हाला मत देता येत नाही, हे खरे. काही राज्यांनी परदेशी रहिवाशांना स्थानिक मताधिकार देऊ केला होता, तो घटना न्यायालयाने १९९० मध्ये रद्द केला. आज स्थानिक निवडणुकीत युरोपीय संघाच्या नागरिकांना मत आहे, आपल्याला नाही. पण विद्यार्थी प्रतिनिधींच्या निवडणुकीत तुम्हाला पूर्ण मत आहे, नागरिकत्व कोणी विचारत नाही. तुमच्या राज्याने ही विद्यार्थी स्वायत्तता १९७७ मध्ये काढून घेतली होती आणि २०१२ मध्ये परत दिली. परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्काविषयी राज्याकडे बोलणारी यंत्रणा तीच, आणि तिच्या निवडणुकीत मत न देता शुल्काबद्दल हळहळत बसणे मला विसंगत वाटते. तुम्ही आजवर ते मत दिले आहे का?

मोर्चाबाबत माझा सल्ला तुमच्या सोबत्यांना थोडा थंड वाटेल. शांततापूर्ण, प्रशासनाला रीतसर कळवलेल्या सभेत परदेशी व्यक्तीही भाग घेऊ शकते. त्यासाठी निवासपत्र जात नाही. तरी पहिल्याच वेळी केवळ कोणी बोलावले म्हणून जाऊ नये. आयोजक कोण, मागणी काय, ती मागणी ज्याच्याकडे केली जात आहे त्याला तो अधिकार आहे का, हे आधी पाहावे. जायचे ठरले तर ओळखपत्र जवळ ठेवावे, चेहरा झाकू नये, पोलिसांनी जागा सोडायला सांगितली की सोडावी. गेला नाहीत तरी त्यात कमीपणा नाही.

अभ्यासासाठी रोज तासभर बातम्या वाचण्याचा संकल्प करू नका. तो पंधरा दिवसांत मोडेल. शहराचे स्थानिक दैनिक आठवड्यातून एकदा वाचा आणि वहीची तीन पाने करा : शहर, राज्य, संघ. वाचलेली प्रत्येक बातमी त्यांपैकी एका पानावर लिहा. जी दोन पानांवर लिहावीशी वाटेल तिच्यापाशी थांबा, कारण भांडण तिथेच असते. ४९ युरोंनी २०२३ मध्ये सुरू झालेला आणि २०२६ मध्ये ६३ युरोंवर गेलेला देशभरच्या प्रवासाचा मासिक पास हे त्याचे चांगले उदाहरण आहे : तूट संघ आणि राज्ये निम्मी-निम्मी भरतात, म्हणून दरवर्षी कोण किती देणार यावर ओढाताण चालते. नागरी शिक्षणाच्या सरकारी संस्था, संघाची आणि तुमच्या राज्याची अशा दोन्ही, सोप्या जर्मन भाषेतल्या पुस्तिका काढतात. सरकारी म्हणून त्या टाळू नका. जे समाजात वादग्रस्त आहे ते शिकवतानाही वादग्रस्त म्हणूनच मांडावे, हा दंडक तिथे १९७६ मध्ये ठरला, आणि तो ठरला ते बॉइटेल्सबाख गाव तुमच्याच राज्यात आहे. निवडणुकीच्या काही आठवडे आधी ‘वाल-ओ-माट’ ही प्रश्नावली येते. तिच्यात मुद्दे दिलेले असतात आणि तुमची उत्तरे पक्षांच्या उत्तरांशी ताडून पाहता येतात. मताधिकार नसलेल्यालाही ती सोडवता येते. ती एकट्याने सोडवू नका. सोबत्याला घेऊन बसा आणि प्रत्येक मुद्द्यावर त्याला विचारा, की हे राज्याच्या हातात आहे का. प्रचारात बरेच काही असे असते, जे नसते.

अशीच पत्रे मला कॅनडातूनही येतात, म्हणून त्या वाचकांसाठी एवढेच : तिथे शिक्षण प्रांतांचे आणि अभ्यास परवाना संघाचा, आणि २०२४ मध्ये संघाने परवान्यांवर मर्यादा घातल्यापासून बहुतेकांना प्रांताचे पत्रही लागू लागले. कागद दोन, सह्या दोन, आणि एजंट सांगतो ते तिसरेच. सह्यांची हीच कसोटी तिथेही लावून पाहा.

८ मार्चला रविवार आहे. त्या दिवशी सोबत्यांबरोबर मतदान केंद्रापर्यंत जा, आणि संध्याकाळी सहाला मतदान संपल्यावर पुन्हा जा. तिथे मते केंद्रावरच, कागदी मतपत्रिका टेबलावर ओतून, हाताने मोजली जातात आणि ती मोजणी कोणालाही पाहता येते. त्यासाठी मतदार असावे लागत नाही. मतदान यंत्रे तिथेही वापरून झाली होती, पण ३ मार्च २००९ रोजी तुमच्या शेजारच्याच न्यायालयाने ती पद्धत घटनाबाह्य ठरवली, कारण विशेष ज्ञान नसलेल्या सामान्य माणसालाही मोजणी पडताळता आली पाहिजे. आत गेल्यावर मोजणाऱ्यांना अडथळा होणार नाही अशा बाजूला उभ्या राहा, आणि घरी आल्यावर, नाशिकमध्ये तेव्हा रात्रीचे साडेअकरा-बारा झाले असले तरी, वडिलांना फोन करा. गेल्या वर्षी त्यांनी केला होता, या वेळी तुम्ही करा.